छातीतली गाठ विरली, मग मेंदूत गाठी कशा? फुफ्फुसाच्या कर्करोगाचा मेंदूपर्यंतचा प्रवास

प्रश्न: आईचे वय ५८. आयुष्यात कधी धूम्रपान नाही. फुफ्फुसाचा ॲडेनोकार्सिनोमा, ईजीएफआर पॉझिटिव्ह (म्हणजे गाठीत त्या जनुकाचा बदल सापडलेला). त्यावरच्या गेफिटिनिबच्या गोळीवर १४ महिने छातीतली गाठ जवळजवळ दिसेनाशी झाली. आता तीन आठवड्यांपासून डोके दुखते, सकाळी उलटी होते, आणि एमआरआयमध्ये मेंदूत चार गाठी दिसल्या. छातीत औषध लागू पडत असताना कर्करोग मेंदूत गेला कसा? मेंदूला तर संरक्षक भिंत असते ना?

भिंत असते. पण ती कर्करोगाच्या पेशींपेक्षा औषधांना जास्त अडवते, आणि तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच आहे. उरलेले निम्मे वेळेबद्दल आहे. या चार गाठींचे बी गेल्या महिन्यात पडलेले नसावे. बहुतेक वेळा गोळी सुरू होण्याच्या आधीच मोजक्या पेशी मेंदूत पोचून दबून बसलेल्या असतात. छातीतल्या पेशींना औषधाचा पूर्ण मारा बसला, मेंदूतल्या पेशींपर्यंत त्याचा शिंतोडाच पोचला. त्यामुळे ‘गोळी फुकट गेली’ किंवा ‘आमच्याकडून काही चुकले’ असे मनात आणू नका. नेमके काय घडते ते क्रमाने सांगतो, कारण पुढचे उपचार त्यावरच ठरतात.

आधी रक्ताची वाट. आतड्याच्या कर्करोगाची पेशी रक्तात शिरली की बहुधा यकृताच्या केशवाहिन्यांत अडकते. स्तनाच्या कर्करोगाची पेशी हृदयाच्या उजव्या बाजूने फुफ्फुसात जाते आणि तिथल्या जाळीत गाळली जाते. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या वाटेत ही गाळणीच नाही. फुफ्फुसातून निघणाऱ्या शिरा थेट हृदयाच्या डाव्या कप्प्यात उघडतात. तिथून महाधमनी, मग मानेतल्या कॅरोटिड रोहिण्या, आणि पुढे मेंदू. एवढा प्रवास काही सेकंदांचा. शिवाय मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के असले, तरी हृदय मिनिटाला जे साधारण ५ लिटर रक्त ढकलते त्यातले ७५० मिलिलिटरच्या आसपास एकटा मेंदू घेतो. मेंदूत पसरलेल्या गाठींपैकी ४० ते ५० टक्के फुफ्फुसातून आलेल्या असतात, त्याचे पहिले कारण हे. नॉन-स्मॉल सेल प्रकारात (आईंचा ॲडेनोकार्सिनोमा यातलाच) निदानाच्या वेळीच दहापैकी साधारण एका रुग्णाच्या मेंदूत गाठ सापडते. स्मॉल सेल प्रकारात हे प्रमाण १० ते २० टक्के असते आणि दोन वर्षांत निम्म्यापर्यंत जाते.

पण नुसत्या वाहतुकीने सगळे उलगडत नाही. मूत्रपिंडांना मेंदूपेक्षाही जास्त रक्त मिळते, तरी फुफ्फुसाचा कर्करोग तिथे इतका पसरत नाही. हा पेच इंग्रज शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्येच मांडला होता. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून त्यांनी म्हटले की बी सगळीकडे उडते, पण रुजते ते मानवेल त्याच जमिनीत. पुढे रक्तप्रवाहच सगळे ठरवतो असे म्हणणारे आले आणि दोन्ही बाजू बरीच वर्षे भांडल्या. आज दोन्ही खरे आहे असे दिसते. पेशी कुठे पोचणार हे रक्तप्रवाह ठरवतो. ती जगणार की मरणार हे जमीन ठरवते.

पोचल्यावर पेशी अडकते कुठे? मेंदूच्या केशवाहिनीचा व्यास ५ ते ८ मायक्रॉन, कर्करोगाची पेशी १० ते २० मायक्रॉनची. म्हणजे ती पहिल्या अरुंद जागीच अडकते, विशेषतः जिथे वाहिनी दुभंगते त्या फाट्यावर. मेंदूच्या बाहेरच्या करड्या थराकडून आतल्या पांढऱ्या भागाकडे जाताना रोहिण्या एकदम बारीक होतात. म्हणूनच या गाठी बहुतेक वेळा करड्या-पांढऱ्या भागांच्या सीमेवर दिसतात, आणि म्हणूनच एमआरआय वाचणाऱ्या डॉक्टरांची नजर आधी तिथे जाते. साधारण ८० टक्के गाठी मोठ्या मेंदूत, १५ टक्के लहान मेंदूत, ५ टक्के मस्तिष्कस्तंभात. त्या त्या भागाला मिळणाऱ्या रक्ताच्या प्रमाणाशी हे आकडे बऱ्यापैकी जुळतात. लहान मेंदूतल्या गाठीकडे मात्र विशेष लक्ष हवे. तिथे जागा कमी, आणि शेजारचा पाण्याचा मार्ग दाबला गेला की मेंदूत पाणी साचते. सकाळची डोकेदुखी आणि उलटी हे डोक्यातला दाब वाढल्याचे ठळक लक्षण. आईंच्या चारपैकी एखादी गाठ लहान मेंदूत असेल, तर आजच्या आज डॉक्टरांना ही लक्षणे सांगा. पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

आता भिंतीकडे. ही एखादी वेगळी पडदी नव्हे. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या अस्तरपेशी एकमेकींना अगदी घट्ट शिवलेल्या असतात, आणि क्लॉडिन-५, ऑक्लुडिन ही प्रथिने त्या शिवणीचे टाके. बाहेरून पेरिसाइट पेशींचे वेष्टन आणि त्यावर ॲस्ट्रोसाइट नावाच्या ताऱ्यासारख्या पेशींच्या पावलांचा थर. याशिवाय अस्तरपेशींत पंप बसवलेले असतात. पी-ग्लायकोप्रोटीन आणि बीसीआरपी हे त्यातले दोन मुख्य. नको असलेले रेणू आत शिरले की हे पंप त्यांना परत रक्तात फेकतात. हे पंप लक्षात ठेवा, पुढे औषधांच्या वेळी तेच महत्त्वाचे ठरतात.

जिवंत पेशी ही भिंत ओलांडते कशी, हे २०१० मध्ये जर्मनीतल्या फ्रँक विंकलर आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या कवटीत काचेची खिडकी बसवून आठवडेच्या आठवडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. चार पायऱ्या दिसल्या. पेशी फाट्यावर अडकते. काही दिवसांत वाहिनीच्या भिंतीतून बाहेर सरकते. बाहेर आल्यावरही वाहिनीला चिकटून राहते. आणि मग तिथे वाढू लागते. यातली एकही पायरी चुकली की पेशी मेली. वाहिनीपासून सुटून मेंदूच्या मांसात शिरलेल्या पेशी टिकल्या नाहीत. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो शेवटच्या पायरीतला फरक. मेलॅनोमाच्या पेशी जुन्याच वाहिन्यांना बिलगून वाढल्या, तर फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींनी लवकरच नव्या वाहिन्या उगवायला लावल्या. व्हीईजीएफ हा वाहिन्या वाढवणारा संदेश औषधाने अडवल्यावर फुफ्फुसाच्या त्या इवल्याशा वसाहती उंदरांत दीर्घकाळ निद्रिस्त राहिल्या.

भिंत ओलांडली म्हणजे काम झाले, असे अजिबात नाही. प्रयोगांत रक्तात सोडलेल्या पेशींपैकी दहा हजारांत एखादीच गाठ बनू शकते, आणि मेंदूतल्या मृत्यूंचा मोठा भाग भिंतीच्या आतल्या बाजूला घडतो. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या जोआन मासागे यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या कामाने हे कसे होते ते दाखवले. परकी पेशी आली की आजूबाजूचा मेंदू प्लाझ्मिन नावाचे विकर तयार करतो. हे प्लाझ्मिन दोन घाव घालते. ॲस्ट्रोसाइटच्या पृष्ठभागावरचा फास-लिगँड हा मृत्यूचा संदेश कापून मोकळा सोडते, तो पेशीला लागला की पेशी आत्मनाश करते. आणि ज्या एल१कॅम नावाच्या प्रथिनाच्या आधाराने पेशी वाहिनीला घट्ट धरून असते, तोच आधार प्लाझ्मिन तोडते. ज्या मोजक्या पेशी वाचतात त्या न्यूरोसर्पिनसारखी प्रथिने स्रवून प्लाझ्मिनलाच निकामी करतात. न्यूरोसर्पिन हे मुळात मेंदूच्या स्वतःच्या चेतापेशींचे संरक्षण करणारे प्रथिन. म्हणजे मेंदूत टिकायचे तर कर्करोगाच्या पेशीला मेंदूचीच रीत उचलावी लागते.

याच ॲस्ट्रोसाइट पुढे पाहुण्याच्या बाजूला झुकतात. सुरुवातीला मारणाऱ्या या पेशी गाठ स्थिरावल्यावर तिला पोसू लागतात. २०१६ मध्ये दिसले की फुफ्फुसाच्या आणि स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी कनेक्सिन-४३ या प्रथिनाच्या नळ्यांनी ॲस्ट्रोसाइटशी थेट जोडल्या जातात आणि त्या नळ्यांतून सीजीएएमपी नावाचा छोटा रेणू पलीकडे ढकलतात. ॲस्ट्रोसाइटला वाटते विषाणूच आला. ती इंटरफेरॉन आणि टीएनएफ सोडते, आणि तेच संदेश कर्करोगाच्या पेशीला जास्त तग धरायला आणि केमोथेरपी सोसायला मदत करतात. मेंदूतल्या गाठीवर केमो तोकडी पडते त्याला भिंत जितकी कारणीभूत, तितकीच ही शेजारपाजाऱ्यांची मदत. २०१८ मध्ये गाठीभोवतीच्या ॲस्ट्रोसाइटच्या एका गटात स्टॅट-३ हा स्विच चालू असल्याचे आढळले, आणि असा गट स्थानिक प्रतिकारपेशींना गाठीपासून दूर ठेवतो असे दिसले.

स्मॉल सेल प्रकाराची गोष्ट थोडी वेगळी. त्याच्या पेशी जन्मतःच चेतापेशींशी नाते सांगणाऱ्या, न्यूरोएंडोक्राइन घराण्यातल्या. २०२५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले की या पेशी मेंदूतल्या चेतापेशींशी खरेखुरे सिनॅप्स (चेतापेशी एकमेकींना संदेश देतात ते सांधे) जोडतात आणि चेतापेशींच्या विद्युत हालचालीवर वाढतात. मेंदू या प्रकाराला इतका का मानवतो याचे हे अगदी अलीकडचे उत्तर. त्यातून उपचार निघायला अजून वेळ आहे.

मग कुठल्या पेशी मेंदूत जातात आणि कुठल्या नाही? यासाठी एकच ‘मेंदूचे जनुक’ सापडलेले नाही. फुफ्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमात डब्ल्यूएनटी हा संदेशमार्ग चढा असणे आणि त्यातली एलईएफ१, एचओएक्सबी९ ही जनुके जागी असणे, याचा मेंदू आणि हाडांतल्या प्रसाराशी संबंध २००९ मध्ये दिसला. २०२० मध्ये मेंदूतल्या गाठींचे जनुकवाचन झाले तेव्हा त्यांत एमवायसी, वायएपी१ आणि एमएमपी१३ या जनुकांच्या जादा प्रती, तर सीडीकेएन२ए हे आळा घालणारे जनुक गळालेले, असे छातीतल्या गाठींपेक्षा जास्त वेळा आढळले.

प्रत्यक्ष उपचाराच्या दृष्टीने मात्र प्रिसिला ब्रास्टियानोस आणि सहकाऱ्यांचे २०१५ चे काम मी आधी वाचायला सांगेन. ८६ रुग्णांची मूळ गाठ आणि मेंदूतली गाठ शेजारी ठेवून त्यांनी जनुके वाचली. ५३ टक्के रुग्णांच्या मेंदूतल्या गाठीत उपचाराला उपयोगी पडू शकेल असा बदल होता जो मूळ गाठीच्या तुकड्यात नव्हता. एकाच रुग्णाच्या मेंदूतल्या वेगवेगळ्या गाठी मात्र एकमेकींसारख्या होत्या. याचा अर्थ फांदी लवकरच वेगळी फुटते आणि स्वतंत्र वाढते. ईजीएफआर किंवा एएलके (असेच दुसरे एक जनुक) यांतला मूळ बदल बहुधा दोन्हीकडे तोच असतो, तो खोडात असतो. नंतरचे बदल फांदीगणिक निराळे.

दबून बसण्याबद्दल वर म्हटले, त्याचा खुलासा करतो. प्रारंभीच्या टप्प्यातल्या फुफ्फुसाच्या आणि स्तनाच्या कर्करोगातून घेतलेल्या काही पेशी उंदरांत महिनोनमहिने न वाढता जिवंत राहिल्या, असे २०१६ मध्ये दिसले. त्या डीकेके१ नावाचे प्रथिन सोडून स्वतःचाच डब्ल्यूएनटी मार्ग बंद ठेवत होत्या. वाढ मंदावली की नॅचरल किलर पेशींना ओळख पटवणाऱ्या खुणाही पृष्ठभागावरून कमी होतात, त्यामुळे पहारेकऱ्यांची नजर चुकते. शस्त्रक्रियेने छाती पूर्ण स्वच्छ झालेल्या रुग्णालाही दोन-तीन वर्षांनी मेंदूत गाठ का निघू शकते, ते यातून कळते.

आता आईंच्या गोळीकडे. गाठ मोठी होऊ लागली की तिच्यातल्या नव्या वाहिन्या गळक्या असतात. एमआरआयमध्ये काँट्रास्ट दिल्यावर गाठ उजळते ती याच गळतीमुळे. मग औषधही आत जायला हवे, नाही का? इथे पुष्कळांची गफलत होते. गळती सगळीकडे सारखी नसते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत बहुतेक गाठींत थोडीफार गळती दिसली, पण पेशी मारण्याइतकी केमो फारच थोड्या गाठींत पोचली. आणि ज्या वसाहती अजून दोन-तीन मिलिमीटरच्याही नाहीत, तिथे भिंत जवळजवळ शाबूत असते. म्हणजे उजळलेली गाठ थोडे औषध घेते, न दिसणारी वसाहत काहीच घेत नाही.

गेफिटिनिबचे मेंदूभोवतीच्या पाण्यातले प्रमाण रक्तातल्या प्रमाणाच्या जेमतेम १ टक्क्याच्या आसपास असते. ही गोळी पंपांच्या तावडीत सापडते. त्याचा एक फार बोलका पुरावा आहे. गेफिटिनिबवर छातीत रोग परतला की निम्म्याहून अधिक रुग्णांत टी७९०एम हा प्रतिकाराचा बदल सापडतो. मेंदूत परतलेल्या रोगात तो बराच कमी वेळा सापडतो. कारण उघड आहे. जिथे औषधच पोचले नाही, तिथे त्याचा प्रतिकार शिकण्याची गरजच पडली नाही. म्हणूनच मेंदूतल्या या गाठींना मी लगेच ‘औषधाला न जुमानणाऱ्या’ म्हणणार नाही. पुष्कळदा त्या औषध न मिळालेल्या असतात. पोचणारे औषध दिले की त्या विरघळतात.

असे पोचणारे औषध म्हणजे ओसिमर्टिनिब, रोज ८० मिलिग्रॅम. मेंदूत ते गेफिटिनिबपेक्षा खूप जास्त प्रमाणात शिरते. एएलके पॉझिटिव्ह रोगात तर हा फरक आकड्यांतच दिसतो. क्रिझोटिनिब आणि अलेक्टिनिब या एएलकेवरच्या दोन गोळ्यांची थेट तुलना झाली, त्यात १२ महिन्यांत मेंदूत रोग वाढण्याचे प्रमाण क्रिझोटिनिबवर ४१.४ टक्के आणि अलेक्टिनिबवर ९.४ टक्के होते. लॉर्लाटिनिबचा रेणू तर पंप चुकवायचा हेच ध्येय ठेवून घडवलेला आहे. त्यावरच्या रुग्णांपैकी ९२ टक्क्यांच्या मेंदूत पाच वर्षांनंतरही रोग वाढलेला नव्हता. क्रिझोटिनिबवर हा आकडा २१ टक्के. रोग तोच, जनुक तेच, फरक प्रामुख्याने रेणू आत पोचण्याचा.

ईजीएफआर आणि एएलके पॉझिटिव्ह रुग्णांत मेंदूच्या गाठी जास्त का, असे विचारले जाते. निदानाच्या वेळीच साधारण चौघांत एकाच्या मेंदूत त्या असतात, म्हणजे जीवशास्त्रीय ओढ काही प्रमाणात आहेच. पण हे रुग्ण गोळ्यांमुळे जास्त वर्षे जगतात, हेही तितकेच मोठे कारण. दबलेल्या पेशींना उगवायला वेळ मिळतो. भारतातल्या फुफ्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमात ईजीएफआरचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या ९०७ रुग्णांच्या अभ्यासात ते २३ टक्के होते. त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे वाढत जाणार.

आपल्याकडची आणखी एक अडचण पाश्चात्त्य पुस्तकांत क्वचितच भेटते. एक्स-रेत छातीत डाग आणि मेंदूत कडेने उजळणारी गोल गाठ, असे दिसले की आधी क्षयाचा संशय येतो. ट्यूबरक्युलोमा (मेंदूतली क्षयाची गाठ) आणि न्यूरोसिस्टिसर्कोसिस (मेंदूत पट्टकृमीच्या अळ्या बसणे) दोन्ही आपल्याकडे आहेत, त्यामुळे संशय चुकीचा नाही. चूक होते ती पुरावा न घेता महिनोनमहिने क्षयाच्या गोळ्या चालू ठेवण्यात. त्यातही ईजीएफआर पॉझिटिव्ह रोग कधी कधी छातीभर बाजरीच्या दाण्यांसारखा पसरतो आणि हुबेहूब मिलिअरी टीबीसारखा दिसतो. थुंकीत जंतू नाहीत, सहा-आठ आठवड्यांत डाग कमी होत नाही, वजन उतरतेच आहे, अशा वेळी बायोप्सीचा आग्रह धरायलाच हवा.

तुमच्या आईंना उलटी आणि डोकेदुखी आहे ती मुख्यतः गाठीच्या आकाराने नव्हे, भोवतीच्या सुजेने. गाठ व्हीईजीएफ सोडते, शेजारच्या वाहिन्यांच्या शिवणी सैल होतात, रक्तातले पाणी आणि प्रथिने पांढऱ्या भागात झिरपतात. एमआरआयवर ही सूज बोटे पसरल्यासारखी दिसते. १ सेंटिमीटरची गाठ अर्धा गोलार्ध सुजवू शकते. डेक्सामेथासोन या शिवणी पुन्हा आवळते, म्हणून एक ते तीन दिवसांत रुग्ण बसून जेवू लागतो आणि घरच्यांना वाटते रोगच हटला. रोग तसाच असतो. सौम्य लक्षणांना दिवसाला ४ ते ८ मिलिग्रॅम पुरते, तीव्र दाबाला १६. लक्षणेच नसतील तर ते देऊ नये. रात्री दिल्यास झोप उडते, म्हणून सकाळी आणि दुपारी द्यावे. आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे, तेव्हा पहिल्या दिवसापासून साखर तपासावी. लक्षणे आवरली की हळूहळू कमी करत बंद करावे, एकदम तोडू नये. इम्युनोथेरपीचा विचार असेल तर आणखी एक हिशेब ठेवा: ४ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन म्हणजे जवळपास २५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, आणि १० मिलिग्रॅमच्या वर प्रेडनिसोलोन चालू असताना इम्युनोथेरपी सुरू केलेल्या रुग्णांत गुण कमी दिसला आहे.

मेंदूच्या मांसाऐवजी आवरणांत आणि भोवतीच्या पाण्यात पसरणे हा वेगळा आणि जास्त कठीण प्रकार. या पाण्यात पोषण फारच कमी. तिथे पोचलेल्या पेशी पूरक प्रथिन सी३ सोडून पाणी तयार करणाऱ्या जाळीची भिंत सैल करतात, म्हणजे रक्तातले पोषण आत झिरपते. शिवाय लिपोकॅलिन-२ हे प्रथिन वापरून त्या पाण्यातले लोह ओढून घेतात आणि रोगप्रतिकारक पेशींना लोहाविना उपाशी ठेवतात. लक्षणे विखुरलेली असतात: एक पापणी पडते, बोलणे अडखळते, पाय ओढला जातो, लघवी अडते. कंबरेतून काढलेल्या पाण्याची पहिली तपासणी कितीतरी वेळा निगेटिव्ह येते, म्हणून संशय पक्का असेल तर दुसऱ्यांदा पाणी काढावे. ईजीएफआर पॉझिटिव्ह रुग्णांत या प्रकारासाठी ओसिमर्टिनिब १६० मिलिग्रॅमपर्यंत दिले गेले आहे आणि त्याचा चांगला उपयोग दिसला आहे.

पुढच्या भेटीत काय विचारायचे ते आता. आधी एमआरआय काँट्रास्टसह आणि पातळ, साधारण १ मिलिमीटरच्या कापांचा होता का ते पाहा. सीटीत लहान मेंदूतल्या बारीक गाठी सुटतात. पेट स्कॅन ग्लुकोज जास्त खाणाऱ्या पेशी उजळवतो, इथे त्यावर विसंबू नका. निरोगी मेंदू स्वतःच इतके ग्लुकोज खातो की गाठ त्या उजेडात हरवते.

चार लहान गाठी असतील तर स्टिरिओटॅक्टिक रेडिएशन (फक्त गाठीवर नेमके रोखलेले किरण) शक्य आहे का ते विचारा. किरणांना भिंत अडवत नाही, हा त्यांचा मोठा गुण. एकाच बैठकीत २ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला २४ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसाचे एकक), २ ते ३ सेंटिमीटरला १८, ३ ते ४ सेंटिमीटरला १५, हे जुने मापदंड अजून आधाराला घेतले जातात. मोठ्या गाठींना डोस तीन किंवा पाच बैठकांत विभागतात. गाठ मोठी झाली की डोस कमी करावा लागतो, कारण भोवतीचा निरोगी मेंदू भाजतो. त्याचा परिणाम सहा महिने ते दीड वर्षात दिसू शकतो आणि एमआरआयवर तो गाठ वाढल्यासारखाच दिसतो. तेव्हा घाईने औषध बदलू नये.

पूर्ण मेंदूला ३० ग्रे दहा बैठकांत देण्याची जुनी पद्धत चार गाठींसाठी मी सहसा सुचवणार नाही, कारण स्मरणशक्तीवर तिचा परिणाम होतो. नॉन-स्मॉल सेलच्या अशक्त रुग्णांत पूर्ण मेंदूचे रेडिएशन (पाच बैठकांत २० ग्रे) आणि फक्त आधारोपचार यांची तुलना झाली, तेव्हा आयुष्य किंवा त्याचा दर्जा यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ३ सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ किंवा लहान मेंदूत पाण्याचा मार्ग अडवणारी गाठ असेल तर न्यूरोसर्जनचे मत आधी घ्या.

गोळी बदलण्याबद्दल: रक्तातली टी७९०एम तपासणी निगेटिव्ह आली तर निराश होऊ नका. छाती स्वच्छ असेल तर रक्तात गाठीचा डीएनए फारसा नसतोच, आणि मेंदूतला डीएनए रक्तात कमी उतरतो. तपासणी निगेटिव्ह असली तरी, औषध मेंदूत पोचावे म्हणून ओसिमर्टिनिबचा विचार करता येईल का, हे ऑन्कोलॉजिस्टना स्पष्ट शब्दांत विचारा. शस्त्रक्रिया झालीच तर काढलेल्या गाठीची जनुकतपासणी नक्की सांगा.

शेवटचा मुद्दा घरातल्या औषधांच्या डब्याबद्दल. फीट आलेली नसेल तर फीटचे औषध ‘खबरदारी म्हणून’ सुरू करण्याची गरज नाही. आलीच, तर लेव्हेटिरासेटॅम मागा, बहुधा ५०० मिलिग्रॅम दोन वेळा. फेनिटोइन किंवा कार्बामाझेपिन शक्यतो नको, कारण त्यांनी यकृतातली विकरे चढतात आणि ओसिमर्टिनिब वेगाने निचरून जाते. क्षयावरच्या रिफाम्पिसिनने तर ओसिमर्टिनिबचे रक्तातले प्रमाण सुमारे ७८ टक्क्यांनी घटते. लॉर्लाटिनिबबरोबर रिफाम्पिसिन घेणे यकृताला घातक आहे, ते एकत्र कधीच द्यायचे नाही. आईंना कुठल्याही कारणाने यापैकी एखादी गोळी चालू असेल, तर नवी गोळी सुरू होण्याआधी ती पट्टी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.